चालेल का?

(मंडळाच्या ग्योतोकु येथील उन्हाळी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर 'विषय तुमचा तुम्हीच ठरवा' असंही सांगितलंय. मराठी माणसाच्या हातात माइक देऊन त्याला असं मोकळं सोडणं तसं धोक्याचंच. पण घाबरू नका. मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास जसा तुम्हाला येतोय तसा मलाही येतोय. वेळेत संपवतो.

आज मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द म्हणजे 'चालेल'. आपण दिवसातून पन्नास वेळा तो वापरतो. चहा चालेल, उद्या भेटलो तर चालेल, मुलाला अर्धा तास उशीर झाला तर चालेल. त्याचं प्रश्नार्थक रूप म्हणजे 'चालेल का?'. एरवी हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि उत्तरही लगेच मिळतं. पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हाच प्रश्न आपल्या घराघरांत सगळ्यात जड होऊन बसला होता. बाहेर पडलेलं चालेल का? मुलांना बागेत नेलेलं चालेल का? ऑफिसला गेलं नाही तर चालेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, भारतात गेलो तर परत आलेलं चालेल का?

आज हे का उगाळायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. इथे समोर बसलेल्यांपैकी बरीच मंडळी २०२२ नंतर जपानला आली आहेत. त्यांनी तो काळ भारतात पाहिला, इथला नाही. आम्ही इथला पाहिला आणि तिकडचा फोनवर ऐकला. आजाराबद्दल बोलायला मी डॉक्टर नाही. मला बोलायचंय ते त्या काळातल्या अनिश्चिततेबद्दल. माझ्या मते आजाराच्या भीतीइतकाच त्रास आपल्याला 'नक्की काय करायची परवानगी आहे' हे न कळण्याने झाला. आणि असा प्रसंग पुन्हा येणारच नाही असं या भूकंपाच्या देशात तरी कुणी म्हणू नये.

आधी आपल्या गावाबद्दल थोडं. ग्योतोकु म्हणजे इचिकावा शहराचा भाग, चिबा प्रांतातला. तोझाई लाइनने निघालं की मिनामी-ग्योतोकु, उरायासु, मग नदी ओलांडली की कासाई आणि निशी-कासाई. कासाईपासून तोक्यो सुरू. म्हणजे आपण राहतो चिबात, नोकरी तोक्योत, आणि डाळ-तांदूळ, शेवया, पूजेचं सामान आणायला बऱ्याचदा जातो निशी-कासाईला, तेही तोक्योतच. एदो काळात हे गाव मिठागरांसाठी प्रसिद्ध होतं. इथलं मीठ होड्यांनी एदो शहरात जायचं. नारिताच्या देवळाला जाणारे यात्रेकरू निहोनबाशीहून होडीत बसून इथे उतरायचे. नदीकाठी १८१२ सालचा दगडी दीपस्तंभ अजून उभा आहे, पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. थोडक्यात, हे गाव पहिल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं आणि हद्दीवरचं. एरवी ती हद्द जाणवत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा जाणवली.

आठवा तो क्रम. फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' बोट. मग २७ फेब्रुवारीला, गुरुवारी संध्याकाळी, पंतप्रधान आबे यांनी देशभरातल्या शाळांना सोमवारपासून बंद ठेवण्याची विनंती केली. मध्ये एक शुक्रवार. आई-बाप दोघे नोकरी करणाऱ्या घरांत त्या रात्री काय चर्चा झाल्या असतील ते तुम्ही समजू शकता. २४ मार्चला ऑलिंपिक पुढे ढकललं. आणि त्याच रात्री आपल्या घड्याळात साडेअकरा वाजले असताना, म्हणजे भारतात आठ वाजता, पंतप्रधान मोदींनी दूरदर्शनवरून सांगितलं की आज मध्यरात्रीपासून एकवीस दिवस संपूर्ण देश बंद. हातात उरले चार तास. माझा पुण्यातला मेहुणा त्या चार तासांतला पाऊण तास किराणा दुकानाच्या रांगेत होता आणि रांगेतूनच मला फोन करून विचारत होता, "जिजाजी, दूध मिळणार की नाही हो? तुम्हाला काही कळलंय का?" भाषणात जीवनावश्यक वस्तूंचा उल्लेख होता, पण रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत तो पोचला नव्हता. पुण्यातल्या दुधाची खबर ग्योतोकुत विचारावी लागते, यावरून काय ते समजा.

इकडे ७ एप्रिलला आणीबाणी जाहीर झाली, तोक्यो, कानागावा, साइतामा, चिबा, ओसाका, ह्योगो आणि फुकुओका या सात प्रांतांत. १६ एप्रिलला ती देशभर लागू झाली. 'आणीबाणी' म्हटल्यावर आपल्या पिढीच्या आई-वडिलांना १९७५ आठवतं. माझ्या आईचा लगेच फोन, "पोलीस आलेत का रे रस्त्यावर?" मी खिडकीतून खाली पाहिलं. खाली एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, आणि कोपऱ्यावरचं दुकान नेहमीसारखं उघडं होतं. आईला काय सांगावं ते कळेना. आणीबाणी आहे, पण बंद नाही. बंद नाही, पण बाहेर पडू नका. पडू नका म्हणजे पडलात तर दंड नाही, पण पडू नका.

हे इतकं गोंधळाचं का होतं, त्यामागे कायदा आहे. जपानचा २०१२ सालचा नव्या इन्फ्लुएंझासाठीचा एक खास कायदा आहे. मार्च २०२० मध्ये दुरुस्ती करून तो कोरोनाला लागू केला. त्या कायद्यात सामान्य माणसाला घरात कोंडण्याचा अधिकारच सरकारला नाही. गव्हर्नर 'विनंती' करू शकतात. काही प्रकारच्या आस्थापनांना त्यापुढे जाऊन 'सूचना' देऊ शकतात आणि त्यांची नावं जाहीर करू शकतात, बस. त्या वर्षी दंडसुद्धा नव्हता. तो आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि तोही न ऐकणाऱ्या दुकानदार-हॉटेलवाल्यांना, जास्तीत जास्त तीन लाख येन. त्यामुळे त्या काळात आपण दोन शब्द रोज ऐकले. एक 'योसेइ', म्हणजे विनंती. दुसरा 'जिशुकु', म्हणजे आपण होऊन आवर घालणं. आणि तिसरा एक अफलातून शब्द, 'फुयो-फुक्यू'. गरजेचं नसलेलं आणि तातडीचं नसलेलं. असं बाहेर पडणं टाळा.

आता मला सांगा, गरजेचं काय हे कोण ठरवणार? केस कापणं गरजेचं आहे का? यावर तोक्यो प्रशासन आणि केंद्र सरकार यांच्यात खरोखर वाद झाला होता. न्हाव्याचं दुकान बंद करायच्या यादीत असावं की नसावं, यात दिवस गेले. शेवटी ते उघडं राहिलं. ऐंशी टक्के भेटीगाठी कमी करा, किमान सत्तर टक्के तरी, असं सांगितलं गेलं. आमच्या इमारतीतले एक काका म्हणाले, "मी रोज दोनच माणसांना भेटतो, एक बायको आणि एक सुपरमार्केटातली कॅशियर. ऐंशी टक्के कमी करायचे म्हणजे यातलं कोण कमी करू?"

हसण्यावारी नेलं तरी यात एक गंभीर गोष्ट होती. विनंतीची भाषा जपानी माणसाला लहानपणापासून कळते. 'चोत्तो...' म्हणून समोरचा थांबला की त्याचा अर्थ 'नाही' असा आहे, हे त्याला शिकवावं लागत नाही. आपल्याला मात्र कुणीतरी 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं सांगावं लागतं. आणि गंमत म्हणजे जपान्यांनाही ती भाषा प्रत्येक वेळी कळलीच असं नाही. ओसाकाच्या गव्हर्नरांनी २४ एप्रिलला न ऐकणाऱ्या पाचिन्को दुकानांची नावं जाहीर केली. हेतू हा की लोकांनी तिथे जाऊ नये. तर ज्यांना अड्डा सापडत नव्हता त्यांना पत्ता मिळाला, आणि तिथे रांगा लागल्या! दुसऱ्या टोकाला उघड्या दुकानांवर 'बंद करा' अशा निनावी चिठ्ठ्या चिकटवणारे लोक निघाले. त्यांना 'जिशुकु पोलीस' असं नाव पडलं. नियम धूसर असला की काही लोक तो स्वतःच्या सोयीने सैल करतात, आणि काही लोक स्वतःच्या रागाने घट्ट करतात.

आता हद्दीकडे येऊ. तोक्योने दुकानं बंद ठेवण्याची विनंती केली ११ एप्रिलपासून. चिबाने केली १४ एप्रिलपासून. म्हणजे तीन दिवस नदीच्या पलीकडे बंद आणि अलीकडे चालू. पुढच्या वर्षी तर आणखी मजा. २० एप्रिल २०२१ पासून चिबातल्या पाच शहरांत, त्यात आपलं इचिकावाही होतं, 'मानबो' नावाची आणीबाणीहून सौम्य व्यवस्था लागू झाली. पाच दिवसांनी, २५ एप्रिलला, तोक्योत पूर्ण आणीबाणी. मग आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू. घर मानबोत आणि ऑफिस आणीबाणीत, तर माझ्यावर कुठला नियम? मुलाचा वाढदिवस अलीकडच्या हॉटेलात रात्री आठपर्यंत केला तर चालेल का? पलीकडच्या मित्रांना बोलावलेलं चालेल का? याचं उत्तर कायद्यात शोधून उपयोग नव्हता. कायदा हॉटेलाला लागू होता, तुमच्या मित्राला नाही. मित्राने नदी ओलांडू नये ही फक्त विनंती होती.

तिकडे महाराष्ट्रात नेमकं उलट. तिथे हुकूम होता, पण तो रोज बदलत होता. लाल, नारिंगी, हिरवे विभाग झाले. जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास आला. ४ मेला दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली, झुंबड उडाली, आणि मुंबईत दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा बंद करण्याचा आदेश निघाला. लग्नाला पन्नास माणसं, अंत्ययात्रेला वीस. पुढे एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. आपल्याकडे नुसत्या व्याह्यांच्या मानपानाला दोन तास पुरत नाहीत, तिथे अक्षता, जेवण आणि पाठवणी, सगळं दोन तासांत!

आणि कोकणातला गणपती तर विसरताच येत नाही. २०२० मध्ये चतुर्थी होती २२ ऑगस्टला. मुंबईचा चाकरमानी जुलैपासून विचारतोय, गावाला जायचं की नाही? गेलो तर किती दिवस वेगळं राहायचं? गावकरी वेशीवर घेतील का? कुठे चौदा दिवस, कुठे आणखी काही. राज्य सरकारने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं की दहा दिवस वेगळं राहा, एसटीने गेलात तर ई-पास लागणार नाही, आणि १२ ऑगस्टच्या आत पोचा, त्यानंतर येणार असाल तर आधी तपासणी करून या. हिशोब करा. हातात आठवडाभर. रजा मंजूर करायची, एसटीचं तिकीट मिळवायचं, दहा दिवस खोलीत बसायचं आणि मग गणपती आणायचा. ज्याला दोन आठवडे आधी हे कळलं असतं तो गेला असता. ज्याला आदल्या दिवशी कळलं तो दादरच्या खोलीत बसून फोनवर आरती म्हणत राहिला. नियम कडक होता म्हणून लोक चिडले नाहीत, तो उशिरा कळला म्हणून चिडले.

मंडळी, महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये जो कायदा पुकारला तो १८९७ सालचा साथरोग कायदा. तो झाला तेव्हा पुण्या-मुंबईत प्लेग होता. त्या वेळीही लोकांना कळत नव्हतं की आपल्याला काय करू देणार आणि काय नाही. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात शिरत होते, माणसं उचलून नेत होते. नेलेला माणूस परत दिसेल का, त्याला भेटू देतील का, घरातलं सामान जाळतील का, काहीच धड कळेना. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवू लागले. प्लेग वाढायला आणखी काय हवं? आणि चीड इतकी साचली की २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. तुमच्या खिशात हजार येनची नवी नोट असेल तर ती काढून बघा. २०२४ पासून तिच्यावर ज्यांचं चित्र आहे ते कितासातो शिबासाबुरो. प्लेगच्या जंतूचा शोध घ्यायला ते १८९४ मध्ये हाँगकाँगला गेले होते, आणि तिथे येरसँ आणि कितासातो या दोघांनी तो जवळजवळ एकाच वेळी शोधला. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली ती १८९७ च्या जानेवारीत. म्हणजे जंतू माहीत होता, लस येऊ घातली होती, पण लोकांशी नीट बोलणारा माणूस सरकारकडे नव्हता. विज्ञान पुढे गेलं तरी हा भाग मागेच राहतो, तेव्हाही आणि आताही.

आता जरा जवळचं, आणि जरा कठीण.

आमच्या घरचं आधी सांगतो, कारण ते सुखान्त आहे. माझी पत्नी आणि मुलगा फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याला लग्नासाठी गेले. परतीचं तिकीट २५ मार्चचं. २२ मार्चपासून भारतात आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. मुलगा एप्रिलमध्ये इथल्या शाळेत पहिलीत जायचा होता. त्याचं ते चौकोनी निळं रांदोसेरु दप्तर आणून ठेवलेलं होतं. २७ मेपासून जपानने भारताचं नाव प्रवेशबंदीच्या यादीत घातलं. ज्यांच्याकडे इथला राहण्याचा परवाना होता तेही, कायमचे रहिवासी, जपानी माणसाचे जोडीदार वगैरे सोडले तर, अडकले. घर इथे, नोकरी इथे, कर इथे भरतो, आणि परत येता येत नाही! ५ ऑगस्टपासून, बंदीच्या आधी गेलेल्या रहिवाशांना परवानगी सुरू झाली. १ सप्टेंबरपासून बाकीच्यांनाही. विमान सुटण्याआधी ७२ तासांच्या आतली तपासणी, वकिलातीचं पत्र, दिल्लीहून ठराविक विमानं, आणि नारिताला उतरल्यावर चौदा दिवस रेल्वे-बसमध्ये बसायचं नाही. मी भाड्याची गाडी घेऊन नारिताला गेलो. सप्टेंबर संपत आला होता. मुलगा पहिलीत गेला तोवर वर्गातल्या मुलांचं हिरागाना लिहून संपलं होतं. असो. तो आता माझं जपानी सुधारतो.

दुसरी गोष्ट माझ्या एका मित्राची. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, नाव सांगत नाही. तो इथेच, स्टेशनच्या पलीकडे राहतो. त्याचे वडील नाशिकला. मेच्या शेवटी त्यांची तब्येत खालावली. कोरोना नव्हता, हृदयाचं दुखणं जुनं होतं. हा एकुलता एक. सुटका-विमानांपैकी एखाद्यात जागा मिळण्याची शक्यता होती. पण गेलो तर परत येता येईल का? इथे बायको, दोन लहान मुली, आणि व्हिसा त्याच्या नोकरीवर. त्याने एका कार्यालयात फोन केला. मी शेजारी बसलो होतो, माझं जपानी जरा बरं म्हणून. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. त्याने सांगितलं की प्रत्येक प्रकरण वेगवेगळं पाहिलं जाईल. मी विचारलं, वडील गंभीर आहेत हे कारण चालेल का? पुन्हा तेच, प्रत्येक प्रकरण वेगवेगळं. कधी कळेल? तुम्ही परत याल तेव्हा विमानतळावर ठरेल. आम्ही तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तितक्याच नम्रपणे तेच उत्तर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील गेले. नाशिकला चुलतभावाने अग्नी दिला, वीस माणसांची मर्यादा होती, तितकीही जमली नाहीत. मित्राने ते सगळं फोनवर पाहिलं. आणि जूनच्या मध्यावर सरकारने कोणकोणती कारणं मानवतेच्या दृष्टीने ग्राह्य धरली जातील याची उदाहरणं जाहीर केली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, परदेशातला नातेवाईक अत्यवस्थ असणं, किंवा नातेवाइकाच्या अंत्यविधीला जाणं.

मी ती यादी त्याला वाचून दाखवावी की नाही, हे मला कळत नव्हतं. पण तो जपानी बातम्या पाहतच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीच्या बांधावर चालायला गेलो तेव्हा त्यानेच विषय काढला. तो म्हणाला, "नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांनाही काही माहीत नव्हतं. पण मला कुणी सरळ 'नाही' म्हटलं असतं ना, तर मी वडिलांना फोनवर सांगितलं असतं की मला येऊ देत नाहीत. 'बघू' म्हटल्यामुळे मी त्यांनाही दहा दिवस 'बघू'च म्हणत राहिलो."

मंडळी, यात कुणाला दोषी ठरवायला मी उभा नाही. नवा आजार होता, सरकारं चाचपडत होती, हे मान्य. पण यातून आपल्यापुरतं काहीतरी शिकण्यासारखं आहे. 'नाही' हे सुद्धा उत्तर असतं. माणूस त्याच्याभोवती आयुष्य बेतू शकतो. 'माहीत नाही, पण शुक्रवारी कळवतो' हे सुद्धा उत्तर असतं. माणूस शुक्रवारपर्यंत धीर धरतो. ज्याच्या पुढे तारीख नाही आणि विचारायला माणूस नाही, असं 'बघू' मात्र सहन होत नाही. त्या पोकळीत मग अफवा शिरतात. २०११ च्या भूकंपानंतर आपल्या चिबातच इचिहाराला तेल शुद्धीकरण कारखाना पेटला, तेव्हा 'विषारी पाऊस पडणार, छत्री वापरा' असे निरोप हजारो फोनवर फिरले होते. ते खोटे होते. पण खरं कुठे मिळेल हे लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून खोटं चाललं.

तेव्हा करायचं काय? मी तीन साध्या सवयी सांगतो. कुठलीही बातमी पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. हे कुठल्या हद्दीसाठी आहे? तोक्यो, चिबा की फक्त इचिकावा? हे कुणासाठी आहे? दुकानदारासाठी, प्रवाशासाठी की सगळ्यांसाठी? आणि हे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो निरोप पाठवू नका. आणि चौथी गोष्ट, हा हुकूम आहे की विनंती, ते सांगा. विनंती असली तरी पाळायला हरकत नाही, बहुतेक आपण सगळ्यांनी पाळलीच. पण काय पाळतोय ते माहीत असावं.

घरी नाशिक-सांगली-रत्नागिरीला फोनवर बोलतानाही हेच. आई-वडील विचारतील, कधी येणार? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि पुन्हा कधी सांगाल ते सांगा. 'बघू' म्हणून ठेवून देऊ नका.

आणि मंडळासाठी एक प्रस्ताव. २०२० मध्ये एक लाख येनचे अर्ज टपालाने घरोघरी आले, तेव्हा किती जणांना तो फॉर्म भरता येत नव्हता ते मला माहीत आहे, कारण आमच्या जेवणाच्या टेबलावर एका रविवारी अकरा फॉर्म भरले गेले. हे त्या वेळी ज्याचं त्याने निभावलं. आता आपण ठरवून करू. आपल्यात जपानी नीट वाचणारे निदान पंधरा-वीस जण आहेत, आणि आता तर आपली मुलं आहेत, ती आपल्यापेक्षा चांगलं वाचतात. त्यांची एक यादी करू. भूकंप होऊ दे, पूर येऊ दे, नाहीतर पुन्हा एखादी साथ. त्या दिवशी दोघांनी इचिकावाची आणि प्रांताची सूचना वाचायची, मराठीत चार ओळी लिहायच्या, खाली तारीख आणि वेळ घालायची, आणि जे कळलं नाही ते 'कळलं नाही' म्हणून लिहायचं. एवढंच. याला ना वर्गणी लागते ना हॉल.

माझं नाव त्या यादीत पहिलं लिहा. माझ्या मित्रानेही त्याचं नाव द्यायला सांगितलंय. बाहेर, चपला काढल्या त्या कपाटावर, वही आणि पेन ठेवलंय. वडे घ्यायला जाताना ज्यांना जमेल त्यांनी आपलं नाव आणि कुठली भाषा किती वाचता येते ते लिहून जा. 'थोडंसंच येतं' असं लिहिलंत तरी...

(श्रोत्यांतून: "चालेल!")

बरोबर.